परमुलखातले बिऱ्हाड

२०२५ च्या पोळ्याला पांढुर्ण्यास जाण्याचा योग आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जी गोटमार होते, ती पाहण्याचे धैर्य मजजवळ नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच सौंसरला एका जुन्या शिष्याच्या घरी मुक्कामास गेलो. संत्र्याची बाग, अंगणात बैलांना ओवाळून झालेले, माजघरात तबल्याची जोडी गवसणीत बांधून ठेवलेली. वाजवणारा मात्र जर्मनीत, स्टुटगार्ट शहरी, नोकरी शोधत होता.

हा मुलूख आपल्या इंदूरकर वाचकांना फारसा परिचित नसेल. १९५६ पूर्वी नागपूर हीच त्याची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर पलीकडे गेले आणि ही मराठी गावे छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. बाजारहाट, दवाखाना, सोयरीक अजून नागपूरशीच. आमच्या या मुलाचेही तसेच झाले: जर्मन भाषेची शिकवणी नागपुरास, परीक्षा पुण्यास, व्हिसासाठी मुंबईचा जर्मन वाणिज्य दूतावास, आणि राजधानी म्हणाल तर भोपाळ! महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. पण करार महाराष्ट्राचा आणि मुलगा या बाजूचा. घरात ज्ञानेश्वरी असून काय उपयोग?

तेव्हा त्याने स्वतंत्र वाट धरली. जर्मनीने जून २०२४ पासून 'चान्सनकार्टे' नावाचा परवाना सुरू केला आहे. हाती नोकरी नसताना तिथे जाऊन ती शोधायला जास्तीत जास्त एक वर्ष मिळते. पदवी वा हुन्नर त्यांच्याकडे पूर्ण मान्य असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर किमान ६ गुण जमवावे लागतात. याची तंत्रनिकेतनची पदविका, म्हणून गुणांचा हिशेब आला. वय पस्तिशीच्या आत म्हणून २, बोरगावच्या कारखान्यातील अनुभवाचे २, आणि जर्मन भाषेची बी-१ पायरी चढल्याचे २. काठावर पास.

खरा घोर पैशाचा. वर्षभर स्वतःचे पोट भरता येईल याचा पुरावा म्हणून २०२५ साली महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो दाखवावे लागत. आपले तेरा लाखांच्या आसपास. ते बहुधा अशा खात्यात ठेवतात की दरमहा ठरलेलाच हप्ता बाहेर निघावा. बागेचा एक तुकडा गहाण पडला तो याच पायी. तिथे आठवड्याला वीस तास किरकोळ काम करता येते, एखाद्या मालकाकडे दोन आठवडे उमेदवारीही करता येते. पण वर्ष संपले की परवाना संपला.

फेब्रुवारीत तो पोचला आणि खरी कथा तिथून पुढची. फोनवर म्हणाला, "गुरुजी, कामाच्या मुलाखती भेटून राहिल्या, पण खोली भेटून नाही राहिली."

मला आधी उमजेना. तेरा लाख असून खोली मिळत नाही? मग त्याने सांगितले. घरमालक तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागतो, देणीघेणी चोख असल्याचा दाखला मागतो. नोकरी शोधणाऱ्याकडे पावत्या कुठून असणार, आणि काल आलेल्याचा दाखला कोण देणार? इकडे कायदा असा की घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगर-कचेरीत पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घरमालकाची लेखी खात्री जोडायची. पत्ता नोंदला की कराचा क्रमांक टपालाने घरी येतो. टपालपेटीवर आपले नाव नसेल तर तेही परत जाते! अशी ही साखळी, पहिली कडी दुसरीत आणि दुसरी पहिलीत अडकलेली.

घाईत तो फसलाही. एका जाहिरातीवर विसंबून खोली न पाहताच अनामत पाठवली. जागा दुसऱ्याचीच निघाली. वास्तविक तिथला कायदा भाडेकरूला बरेच संरक्षण देतो. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि तीही तीन हप्त्यांत देता येते. पण ज्याला आज रात्री कुठे निजायचे ही विवंचना, तो कायदा वाचत बसत नाही. बापाला ही गोष्ट त्याने दोन महिने सांगितली नव्हती. मला सांगितली होती. ते ओझे घेऊनच मी सौंसरच्या ओसरीवर बसलो होतो.

आपण जुन्या घरांतील माणसे या बाबतीत सुदैवी. होळकरांच्या मागोमाग आपले पूर्वज या माळव्यात आले, तेव्हा कुणी पगाराची पावती मागितली नाही. दरबारचा गवई म्हटला की आसरा ठरलेला. पण धनी गेला की त्या आसऱ्याचे काय होते, हेही आपण जाणतो. शाहू महाराज १९२२ साली वारले आणि अल्लादियाखाँसाहेबांसारख्या थोर गवयालाही कोल्हापूर सोडून मुंबई गाठावी लागली.

जूनमध्ये त्याला खोली मिळाली. दुसऱ्या भाडेकरूच्या घरातली एक खोली; मालकाची संमती आणि नोंदणीची लेखी खात्री यांसह. त्याने पहिला प्रश्न भाड्याचा नव्हे, "नोंदणी करू द्याल ना?" हाच विचारला होता. दुसरा प्रश्न तबल्याचा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. एरवी वाजवण्यास सरसकट मनाई करता येत नाही. २०१८ साली तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका ट्रंपेटवाल्याच्या खटल्यात कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि सुटीच्या दिवशी एक-दोन तास हे साधारण मान धरले आहे. रियाजाचे तास मोजणारे न्यायालय! माझ्या शिष्यांपैकी किती जण त्या मापाला उतरतील, देव जाणे.

जोडी मात्र सौंसरलाच राहिली होती. विमानात वजन बसले नाही.

पोळ्याच्या रात्री त्याचा फोन आला. सहा महिने उरले होते, एका कारखान्यात उमेदवारीचे दोन आठवडे ठरले होते. मी त्याला म्हटले, "अनामतीचे तूच सांग बाबांना, आज सण आहे." बराच वेळ बापलेक बोलत होते. बाप रागावले नाहीत. फोन ठेवून ते आत गेले आणि शेताच्या ऋणपुस्तिकेची पिशवी काढली. तिच्यात मुलाच्या पत्त्याच्या दाखल्याची छापून आणलेली प्रत होती. मला जर्मन येत नाही, त्यांनाही नाही. त्यांनी बोट ठेवून आपले आडनाव तेवढे दाखवले, नि विचारले, "गुरुजी, जोडी पार्सलनं पाठवता येते का हो?"