आहार आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढल्याचे वैद्यकीय तपासणीत आढळले, की घरात पहिली संक्रांत येते ती अंड्यावर. शाकाहारी घरात अंडे नसतेच. तेथे ‘आपण तर शाकाहारी, मग हे आले कोठून?’ असा प्रश्न पडून मनुष्य गोंधळतो. दोन्ही घरांतील समजूत एकच असते: रक्तात जे साठले, ते तोंडावाटेच आत गेले असले पाहिजे. ही समजूत स्वाभाविक आहे, परंतु बव्हंशी चुकीची आहे. मनुष्याच्या रक्तात फिरणारे कोलेस्टेरॉल मुख्यतः त्याच्या स्वतःच्याच शरीरात तयार होते. असे असूनही आहारात योग्य तो पालट केला असता ते उतरते, आणि पुष्कळदा चांगलेच उतरते. हे कोडे उलगडले म्हणजे ताटातून काय काढावे आणि त्याच्या जागी काय वाढावे, हे समजू लागते. निषिद्ध पदार्थांची यादी पाठ करून ते समजत नाही.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ होय. तो शास्त्रज्ञांच्या हाती प्रथम लागला तो पित्ताशयातील खड्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी त्याला जे नाव दिले, ते ‘पित्त’ व ‘घन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून बनविलेले होते. तो स्वभावतः अपायकारक नाही. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. कित्येक संप्रेरके, ड जीवनसत्त्व आणि अन्नातील स्निग्धांश पचविणारी पित्ताम्ले त्याच्यापासूनच घडतात. इतकी निकडीची वस्तू शरीर बाहेरच्या पुरवठ्यावर सोपवीत नाही. कॉनराड ब्लॉक आणि फेओडोर लिनेन यांना 1964 साली ज्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्यावरून असे सिद्ध झाले, की कोलेस्टेरॉलच्या रेणूतील 27 कार्बन अणूंपैकी प्रत्येक अणू ॲसेटिक आम्लाच्या साध्या तुकड्यांतून येऊ शकतो. असे तुकडे भातापासूनही मिळतात, साखरेपासूनही आणि तुपापासूनही. तेव्हा शाकाहारी मनुष्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल आले कोठून, या प्रश्नाला उत्तर मिळाले. (तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. ते खोटे नाही. पण त्यात त्या तेलाचा विशेष गुण कोणताच नाही, कारण वनस्पतींत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच.)

मग खाण्यातील कोलेस्टेरॉलवर इतका रोष का झाला? त्याचे मूळ सशांत आहे. 1913 साली सेंट पीटर्झबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले कोलेस्टेरॉल चारले. सशांच्या रोहिण्यांच्या भिंतींवर थोड्याच काळात मेदाचे थर चढले. प्रयोग खरा होता आणि त्याचे महत्त्व आजही ओसरलेले नाही. परंतु ससा हा निव्वळ तृणाहारी प्राणी, त्याच्या यकृताला बाहेरून येणाऱ्या कोलेस्टेरॉलची सवय नसते. तोच आहार उंदरांना व कुत्र्यांना दिला तर तसा परिणाम सहजासहजी होत नाही. मनुष्य या बाबतीत सशाइतका दुबळा नाही. अन्नातून कोलेस्टेरॉल अधिक आले तर बहुतेकांचे यकृत आपले उत्पादन त्या मानाने कमी करते. एका अंड्याच्या बलकात सुमारे 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. त्याचा रक्तावरील परिणाम सर्वस्वी शून्य नसला, तरी बहुतेकांच्या बाबतीत अल्प असतो. मात्र काही व्यक्तींत, विशेषतः मधुमेह असलेल्यांत, वैद्याने मर्यादा घातली असेल तर ती पाळणेच इष्ट.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नसल्यामुळे ते रक्तातून एकटे प्रवास करू शकत नाही. मेद आणि प्रथिने यांच्या सूक्ष्म कणांत बसून त्याला जावे लागते. यांपैकी एका जातीच्या कणांना अल्पघनता मेदप्रथिन म्हणतात. तपासणीच्या कागदावर त्यांचा उल्लेख ‘एलडीएल’ असा असतो. हे कण रक्तात अधिक संख्येने व अधिक काळ फिरत राहिले, तर ते रोहिणीच्या भिंतीत शिरतात आणि तेथे वर्षानुवर्षे थर साचत जातो. हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी अशा रीतीने अरुंद होते, आणि थर फुटून तेथे रक्ताची गुठळी झाली म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो.

हे कण रक्तातून काढून घेण्याचे काम प्रामुख्याने यकृत करते. टेक्सासमधील डॅलस येथील मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी 1970 नंतरच्या दशकात असे दाखविले, की पेशींच्या पृष्ठभागावर या कणांना पकडून आत घेणारी विशिष्ट प्रथिने असतात. त्यांना ‘ग्राही’ असे म्हणतात. सोयीसाठी आपण त्यांना यकृताची दारे म्हणू. दारे पुष्कळ असली तर रक्त लवकर स्वच्छ होते. दारे घटली तर कण रक्तातच ताटकळत राहतात. हा शोध त्यांना लागला तो एका आनुवंशिक रोगाचा अभ्यास करताना. या रोगात जन्मतःच ही दारे सदोष असतात किंवा मुळीच नसतात, आणि त्याच्या तीव्र प्रकारात लहान मुलांनाही हृदयविकाराचे झटके येतात. अशाच एका सहा वर्षांच्या मुलीवर 1984 साली पिट्सबर्ग येथे शस्त्रक्रिया करून तिला नवे हृदय व नवे यकृत बसविण्यात आले. तिच्या रक्तातील एलडीएल हजाराच्या घरात होते. शस्त्रक्रियेनंतर ते सुमारे एक पंचमांशावर आले. नव्या यकृताला दारे होती, एवढाच फरक. ब्राउन व गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आहाराचा प्रभाव पडतो तो या दारांवर. संपृक्त मेदाम्ले अधिक प्रमाणात खाल्ली, की यकृतावरील दारांचे कार्य मंदावते. त्यांच्या जागी असंपृक्त मेदाम्ले आली, की ते सुधारते. म्हणून प्रश्न कोलेस्टेरॉल किती खाल्ले हा नसून कोणत्या जातीचा मेद खाल्ला हा आहे. भारतासारख्या देशात, जेथे दर दोनशे कोसांवर फोडणीचे तेल बदलते, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. बंगाल व उत्तर भारतातील मोहरीच्या तेलात संपृक्त मेदाम्लांचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. करडई व सूर्यफूल यांचे तेल साधारण त्याच पंक्तीतले. तिळाचे थोडे वर. गुजरात-महाराष्ट्रातील शेंगदाण्याच्या तेलात तो अंश सुमारे एक पंचमांश होतो. पामतेलात तो जवळजवळ निम्मा असतो. तुपात सुमारे साठ टक्के, आणि खोबरेल तेलात ऐंशी टक्क्यांहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी संपृक्त मेदातून येणारा भाग दहा टक्क्यांच्या आत असावा. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे 22 ग्रॅम होते. तूप 30 ग्रॅम खाल्ले, तर त्यातील अठरा-एकोणीस ग्रॅम तेथेच संपले. दुधावरची साय, पनीर, मिठाई आणि मांस यांचा हिशेब अजून व्हावयाचाच असतो.

वनस्पती तुपाची कथा याहून वेगळी आहे. तेलात हायड्रोजन मिसळून ते गोठविण्याची कृती भारतात ‘डालडा’च्या रूपाने 1937 मध्ये घरोघर पोहोचू लागली. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून हलवायांनी व बेकरीवाल्यांनी ते उचलले. या कृतीत तेलाच्या काही मेदाम्लांची रचना पालटून ‘ट्रान्स’ जातीची मेदाम्ले तयार होतात. 1990 मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान यांनी दाखविले, की ही मेदाम्ले एलडीएल वाढवितात आणि त्याच वेळी रक्तातील हितकर मानलेले अतिघनता मेदप्रथिन कमी करतात, म्हणजे दुहेरी अपाय करतात. भारत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी 2022 पासून तेला-तुपांत त्यांची मर्यादा दोन टक्के ठरविली आहे.

तुपाचा चमचा कमी केला आणि त्याची भूक साखर, मैदा किंवा साबुदाणा यांनी भागविली, तर मात्र विशेष काही साधत नाही. एलडीएल थोडेसे उतरले, तरी रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाचा दुसरा मेद वाढतो. ‘मी तूप सोडले’ असे म्हणणाऱ्याने त्या जागी काय धरले, हे विचारले पाहिजे.

आता पित्ताकडे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवून आतड्यात सोडते आणि पचनाचे काम झाल्यावर त्यांतील सुमारे 95 टक्के पित्ताम्ले आतड्यातून शोषून पुन्हा वापरते. यकृताचा हा काटकसरी व्यवहार विस्कटता आला, तर त्याला नव्या पित्ताम्लांसाठी रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. त्यासाठी ते अधिक दारे उघडते. हे काम बुळबुळीत, पाण्यात फुगणारे तंतुमय पदार्थ करतात. ते पित्ताम्लांना धरून ठेवतात आणि मलावाटे बाहेर नेतात. ओट व जव या धान्यांत असा तंतू आहे, डाळी व कडधान्यांत आहे, आणि इसबगोलात तर तो भरपूर आहे. उत्तर गुजरातेतील उंझ्याच्या बाजारातून हा भुसा जगभर जातो. आपल्याकडे मात्र तो केवळ मलावरोधावरील उपाय म्हणून कपाटात पडून असतो. रोज सुमारे 10 ग्रॅम भुसा भरपूर पाण्याबरोबर घेतला असता एलडीएल साधारणपणे पाच ते दहा टक्क्यांनी उतरते. पाणी कमी घेतल्यास तो घशात अडकण्याचा धोका असतो, म्हणून कोरडा भुसा कधीही तोंडात टाकू नये.

असे लहान लहान उपाय एकत्र केले तर किती मजल मारता येईल? कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांचे सहकारी यांनी 2003 साली हे पाहिले. रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेल्या 46 स्त्रीपुरुषांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला संपृक्त मेद अत्यल्प असलेला आहार दिला. दुसऱ्याला तोच आहार आणि शिवाय लोव्हास्टॅटिन हे औषध. तिसऱ्याला औषध नाही, पण आहारात चार गोष्टींची भर: ओट, जव व इसबगोल यांतील तंतू, सोयाबीनचे प्रथिन, बदाम, आणि वनस्पतींतील स्टेरॉल नावाचे पदार्थ. हे स्टेरॉल रचनेने कोलेस्टेरॉलसारखेच असल्यामुळे आतड्यात त्याची जागा अडवितात. भाज्यांमध्ये चिकट तंतूसाठी मुद्दाम निवडल्या होत्या भेंडी आणि वांगे! एका महिन्यात पहिल्या गटाचे एलडीएल 8 टक्के उतरले, औषधाच्या गटाचे सुमारे 31 टक्के, आणि तिसऱ्या गटाचे जवळजवळ 29 टक्के. औषध आणि आहार यांचे मार्ग वेगळे असले, तरी दोघे पोहोचतात त्याच दारापाशी: औषध यकृतातील उत्पादन रोखते आणि त्यामुळे यकृत रक्तातून अधिक कोलेस्टेरॉल घेऊ लागते.

या आकड्यांनी हुरळून जाण्यापूर्वी पुढचा प्रयोगही पाहिला पाहिजे. टोरांटोतील त्या महिन्यात बहुतेक अन्न संशोधकांनीच पुरविले होते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात कॅनडातील चार ठिकाणच्या सुमारे साडेतीनशे लोकांना केवळ सल्ला दिला गेला. स्वयंपाक ज्याचा त्याने आपल्या घरी केला. त्यांपैकी ज्यांना या आहाराचा सल्ला मिळाला, त्यांचे एलडीएल सहा महिन्यांनंतर तेरा-चौदा टक्क्यांनी उतरलेले आढळले. घट खरी होती आणि टिकलीही, पण निम्मी झाली. अर्थ उघड आहे. एका माणसाने एकट्याने वेगळे जेवणे कठीण. भाजीला फोडणी सर्वांसाठी एकच पडते.

फिनलंडच्या पूर्वेकडील उत्तर कॅरेलिया या प्रांताने ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली. हृदयविकाराने तेथील मध्यमवयीन पुरुष मोठ्या संख्येने मरत होते. 1972 साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली तेथे जी योजना सुरू झाली, तिने रोग्यांऐवजी सबंध प्रांताचे स्वयंपाकघर हाती घेतले. हा प्रांत दूधदुभत्याचा. पावावर लोण्याचा जाड थर ही तेथील रीत. महिला मंडळांनी भाज्या अधिक घातलेल्या पाककृती गावोगाव करून दाखविल्या, मांसप्रक्रिया करणाऱ्यांना चरबी कमी करण्यास राजी केले, लोण्याच्या जागी मोहरीच्या जातीतील एका बियाण्याचे तेल आले, आणि काही शेतकरी गाई सोडून बोरांसारख्या रानफळांच्या लागवडीकडे वळले. साडेतीन दशकांत तेथील पुरुषांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल सरासरी एक पंचमांशाने उतरले आणि कामकरी वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू चार पंचमांशांहून अधिक घटले. धूम्रपान व रक्तदाब यांत झालेल्या घटीचाही त्यात वाटा आहे; पण सर्वांत मोठा वाटा कोलेस्टेरॉलचाच ठरला.

आहार बदलल्यावर एलडीएलमधील फरक काही आठवड्यांतच दिसू लागतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणी करणे पुरेसे असते. ज्यांच्या घराण्यात तरुणपणी हृदयविकार झाल्याचा इतिहास आहे, त्यांनी मात्र केवळ ताटावर विसंबू नये. वर सांगितलेला आनुवंशिक दोष सौम्य रूपात सुमारे अडीचशे-तीनशे माणसांमागे एकात असतो, आणि जी दारे जन्मतःच निम्मी आहेत, ती इसबगोलाने पुरी होत नाहीत. अशांना औषध लागते, बहुधा आयुष्यभर, आणि घरातील मुलांचे रक्तही वेळीच तपासून घ्यावे लागते. ज्यांना वैद्याने औषध सुरू करून दिले आहे, त्यांनी आहार सुधारला म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. दुसऱ्या तपासणीचा कागद घेऊन वैद्याकडे जावे आणि मात्रा कमी करावयाची की नाही, ते त्यांनाच ठरवू द्यावे.