हनुवटीवरचा केस

थ्रेडिंग करताना हनुवटीवर एक राठ केस सापडला की पार्लरवाली ताई हळूच म्हणते, "हार्मोन्स तपासून घ्या हं." अँड्रोजेनला आपण सर्रास 'पुरुषी हार्मोन' म्हणतो, पण ते बायकांच्या अंडाशयातही तयार होतं. वयात येताना काखेतली मऊ लव जाऊन जाड, काळे केस येतात, ते त्याच्याच जोरावर. मग त्यात पुरुषी ते काय?

१९६१ साली फेरीमन आणि गॉलवे या संशोधकांनी बायकांच्या अंगावरचे केस मोजायला शरीराचे ११ भाग ठरवले. आता सहसा ९ भाग पाहून प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात. किती गुण म्हणजे 'जास्त', हे वंशागणिक बदलतं.

केस अचानक वाढले किंवा पाळी चुकू लागली, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. एरवी ठेवायचे की काढायचे, तुमची मर्जी.