कशावरून, गुरुजी?

मुलांनो, वही-पेन्सिल घेऊन बसा बरं. इंदापूरचा पिनकोड ४१३१०६ आणि बारामतीचा ४१३१०२. दोन्हींचे शेवटचे चारच अंक घेऊ.

आधी इंदापूर, ३१०६. हे अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ६३१०, चढत्या क्रमाने ०१३६. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तर ६१७४. आता बारामती. ३२१० वजा ०१२३ म्हणजे ३०८७. पुन्हा तसंच, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणखी एकदा, ८५३२ वजा २३५८... आले की नाही ६१७४! आणि ६१७४ चंच असं केलं तर? ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! गाडी तिथून पुढे हलतच नाही.

ही गंमत शोधली द. रा. कापरेकर या शाळामास्तरांनी. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शिकवत होते. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. आज ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

मी वर्गात सांगितलं, "चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येणारच." पोरं कामाला लागली. सगळ्यांचं बरोबर आलं. तेवढ्यात एक मुलगी उठली. "गुरुजी, आमचं आलं. पण सगळ्याच संख्यांचं येतं, हे कशावरून?"

मी चटकन म्हणालो, "पुस्तकात दिलंय. बस खाली." ती बसली, पण तिचा चेहरा पडला. संध्याकाळी एस.टी.त मला ते टोचत राहिलं. तिनं अगदी गणिताचाच प्रश्न विचारला होता आणि मी तिला गप्प केलं होतं!

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर म्हटलं, "काल माझं चुकलं." आणि फळ्यावर नवा खेळ मांडला. एक संख्या घ्या, तिला पुढच्या संख्येनं गुणा आणि ४१ मिळवा. १ घेतला तर ४३, २ घेतले तर ४७, ३ घेतले तर ५३. सगळ्या मूळ संख्या! १ पासून ३९ पर्यंत दर वेळी मूळ संख्याच येते. पण ४० घ्या. ४० गुणिले ४१, अधिक ४१, म्हणजे १६८१. ही तर ४१ गुणिले ४१! एकोणचाळीस वेळा खरं ठरलेलं चाळिसाव्या वेळी फसलं.

मग ६१७४ चं काय? ०००१ सारख्या संख्या धरून, तपासायच्या संख्या ९९९०. वजाबाकीचं उत्तर मात्र दोनच फरकांवर ठरतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. इंदापूरचं बघा. ६ वजा ०, सहा. ३ वजा १, दोन. ५९९४ अधिक १८०, झाले ६१७४! अशा फरकांच्या जोड्या फक्त ५४. तेवढ्या तपासल्या की एकही संख्या सुटत नाही. 

पण संख्या न संपणाऱ्या असतील तर? 'विषम अधिक विषम म्हणजे सम' हे तपासून कधी संपायचं? तिथं कारणच शोधावं लागतं. विषम संख्येइतके चिंचोके घेऊन जोड्या लावा, एक उरतो. दुसऱ्या ढिगातही एक उरतो. त्या दोन उरलेल्यांची जोडी जमली. संख्या कितीही मोठी असो, हे चुकणार नाही. यालाच सिद्धता म्हणतात.

ती मुलगी उठली, म्हणाली, "आता पटलं."

आता तुमची पाळी. तीन अंकी संख्यांवर कापरेकरांचा खेळ खेळा. गाडी कुठे अडकते? आणि आई-बाबांनो, पोरानं "कशावरून?" विचारलं, तर त्याला खाली बसवू नका. त्याच्या शेजारी बसा.