पिशवी पालिकेची, नाव नगरसेवकाचे!

कापडी पिशव्या, कचऱ्याचे डबे, वह्यांचे संच... खर्च महापालिकेचा, वस्तूवर नाव आणि छबी मात्र अनेकदा नगरसेवकाची. करदात्यांच्या पैशातून स्वतःची प्रसिद्धी करता येते का, हा यातील खरा प्रश्न आहे.

मुंबई महापालिकेचा १८८८ चा आणि राज्यातील इतर महापालिकांचा १९४९ चा, हे दोन्ही कायदे पालिकेला निधीची मालक नव्हे, तर विश्वस्त मानतात. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण ही तिची बंधनकारक कर्तव्ये. अन्य लोकोपयोगी खर्च ऐच्छिक. वाटपाच्या बऱ्याच योजना याच दुसऱ्या दाराने येतात.

सरकारी जाहिरातींतून व्यक्तिपूजा होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी बजावले. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याच छायाचित्रांना तेव्हा मुभा मिळाली. मार्च २०१६ मध्ये ती राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्र्यांनाही देण्यात आली. महापौर आणि नगरसेवक त्या यादीत नाहीत. मात्र निकाल जाहिरातींपुरता होता. पिशवीवरचे नाव ही जाहिरात मानायची का, या संदिग्धतेतच पळवाट आहे.

राज्य सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये वैयक्तिक लाभाच्या योजनांत वस्तूंऐवजी लाभार्थीच्या खात्यात रक्कम जमा करण्याचे धोरण स्वीकारले. अशा रकमेवर कोणाचीही छबी छापता येत नाही!

वाटपाचा ठराव, निविदा आणि देयके माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात. भेट 'मोफत' नसते. तिची किंमत मालमत्ता करातून आधीच वसूल झालेली असते.