गाळलेले दोन दात

इंजिनात क्षणोक्षणी काय घडते याची नोंद ठेवणारा डेटा लॉगर हे आता केवळ कारखान्यांच्या चाचणी विभागांपुरते साधन उरलेले नाही. 2005 च्या सुमारास इटलीतील इव्रेआ येथे आर्दुइनो हा स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्ड तयार झाला आणि कोइंबतूरच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत उतरणाऱ्या विद्यार्थ्यांपासून हौशी मेकॅनिकांपर्यंत अनेकांच्या आवाक्यात हे काम आले. दाबाचे किंवा थ्रॉटलचे सेन्सर बहुधा निमूटपणे 0 ते 5 व्होल्टच्या मर्यादेत राहतात. कस लागतो तो क्रँक सेन्सरपाशी.

क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चाकाला जवळजवळ खेटून हा सेन्सर बसवलेला असतो. अनेकदा आत एक कायम चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे, एवढाच त्याचा संसार. दात समोरून सरकला की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि वेटोळ्यात विद्युतदाब उमटतो. अनेक गाड्यांत या चाकावर साठ दातांची जागा आखून त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे दर सहा अंशांना एक दात येतो आणि मोकळी जागा आली की फेरीचा आरंभ कळतो. कल्पना इतकी साधी आहे की तिचे कौतुक करावेसे वाटते. सेन्सरचा स्वभाव मात्र तितका साधा नाही: स्टार्टर फिरत असताना तो व्होल्टभरही देत नाही, तर इंजिन वेगात असताना तोच दहापट, वीसपट दाब फेकतो, जो थेट मायक्रोकंट्रोलरच्या पिनेवर गेल्यास पिन जळते. म्हणून मध्ये एक सर्किट घालून, लहरीने शून्य ओलांडल्याचा क्षण टिपून, त्याचे स्वच्छ चौकोनी स्पंदात रूपांतर करावे लागते. सेन्सरच्या दोन तारांची अदलाबदल झाली तरी स्पंद येतच राहतात. फक्त शून्य ओलांडणारी तीव्र कड उतरणीऐवजी चढणीच्या बाजूला जाते, मोकळी जागा पुसट होते आणि आकडे वेगानुसार सरकू लागतात.

मिनिटाला 6,000 फेऱ्यांच्या वेगाने लगतच्या दोन दातांत सुमारे 167 मायक्रोसेकंद उरतात. आर्दुइनो उनोच्या 16 मेगाहर्ट्झ प्रोसेसरला एवढा अवधी पुरतो, पण मेमरी कार्ड लिहिताना कधी 100 मिलिसेकंदही अडून बसते, आणि तेवढ्यात इंजिनाच्या दहा फेऱ्या होऊन जातात. नोंदी आधी मेमरीत साठवून मग कार्डावर उतरवाव्यात, तर उनोची मेमरी अवघी 2 किलोबाइट.

याहून दगाबाज प्रकरण अर्थिंगचे. शीतकाचे तापमान मोजणाऱ्या एका प्रचलित सेन्सरचा रोध 20 अंशांना 2,500 ओहम, तर 100 अंशांना जेमतेम 186 ओहम असतो. तो 5 व्होल्टच्या पुरवठ्याला सुमारे 2,500 ओहमच्या रोधकातून जोडला, तर 100 अंशांना साधारण 0.35 व्होल्ट दिसतात. सेन्सरची अर्थ तार चॅसिसला भलतीकडे जोडल्यामुळे पंखा किंवा दिवे चालू असताना त्यात 0.1 व्होल्टची भर पडली, तर लॉगर सुमारे दहा अंश कमी दाखवतो, आणि तेही इतक्या नीटनेटक्या आलेखात की संशयाला जागा उरत नाही. प्रोग्रामवर रात्री जागवणारे याकडे फारसे पाहत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. प्रत्येक सेन्सरची अर्थ तार स्वतंत्रपणे लॉगरपर्यंत आणणे, क्रँक सेन्सरच्या तारा इग्निशन कॉइलपासून दूर व शिल्डेड केबलमधून नेणे, आणि धावत्या गाडीत बॅटरीची जोडणी सुटल्यास अल्टरनेटरकडून येणारा उसळता दाब रोखणारा डायोड पुरवठ्यावर बसवणे, या तीन कामांना पर्याय नाही.