संघांतील मौन

खेळाच्या मैदानावर माणसाचें कौशल्य तेवढें पाहिलें जातें, असा सर्वसाधारण समज आहे. धांवणाऱ्याचा वेग घड्याळ मोजतें, उडी घेणाऱ्याची उंची फीत मोजते. सांघिक खेळांत मात्र एकट्याचें कौशल्य पुरत नाहीं. चेंडू आपल्यापर्यंत यावयाचा तर तो सोबत्यानें द्यावा लागतो, आणि संघांत नांव यावयाचें तर तें निवड करणाऱ्यानें लिहावें लागतें. ज्याचें यश असें दहा जणांच्या विश्वासावर अवलंबून आहे, त्याला त्यांतील कोणालाहि तोडणें परवडत नाहीं. समलिंगी असलेला खेळाडू आपल्या संघांत वर्षानुवर्षें गप्प कां राहतो, ह्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळसें येथेंच आहे.

ह्याला ड्रेसिंग रूममधील भाषेची जोड मिळते. चेंडू हातचा सुटला, अंगावर येणाऱ्या गड्याला कोणी बिचकला, कीं ‘बायकी’ हा शब्द त्याच्या माथीं मारला जातो. बोलणाऱ्याच्या मनांत बहुधा विशेष द्वेष नसतो. त्याला ती नित्याची थट्टा वाटते. परंतु त्याच खोलीच्या कोपऱ्यांत बसलेला एखादा मुलगा ती ऐकतो, आणि आपल्याविषयीं येथें कधींहि बोलावयाचें नाहीं, असें मनाशीं ठरवून टाकतो.

जो बोलला त्याचें काय झालें, हें जस्टिन फॅशनू ह्या इंग्लिश फुटबॉलपटूच्या चरित्रांत दिसतें. १९८१ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबानें त्याला दहा लक्ष पौंड देऊन घेतलें. एवढी किंमत आलेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश खेळाडू होय. तो समलिंगी पुरुषांच्या क्लबांत जातो असें कळतांच व्यवस्थापक ब्रायन क्लफ ह्यांनीं त्यास जाब विचारला, आणि पुढें संघाबरोबर सराव करण्यासहि बंदी केली. इंग्लंडांत एकवीस वर्षांवरील पुरुषांचे खाजगी समलिंगी संबंध १९६७ पासून गुन्हा राहिले नव्हते. परंतु कायद्याचा हा बदल ड्रेसिंग रूमच्या दारांतून आंत शिरलाच नव्हता. ऑक्टोबर १९९० मध्यें फॅशनूनें वृत्तपत्रांतून आपण समलिंगी असल्याचें जाहीर केलें. त्याचा सख्खा भाऊ, जो स्वतःहि नामांकित फुटबॉलपटू होता, त्यानें त्याच्याशीं उघडपणें नातें तोडलें. पुढें अमेरिकेंत त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप आला. त्याचा न्यायालयांत कांहींच निकाल लागण्यापूर्वीं, मे १९९८ मध्यें, त्यानें लंडनमध्यें आत्महत्या केली. त्याच्या मृत्यूचें सर्व खापर एकाच कारणावर फोडणें बरोबर होणार नाहीं. परंतु इतर खेळाडूंनीं त्यावरून काय बोध घेतला, हें स्पष्ट आहे. १९९० नंतर तब्बल बत्तीस वर्षें ब्रिटनमधील पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्यें खेळत असलेला दुसरा कोणीहि असें बोलला नाहीं.

ह्या मौनाला प्रेक्षकांच्या आरोळ्या कारण आहेत, असें सांगितलें जातें. तें खोटें नाहीं. पण पहिली कसोटी घरच्या मंडळींतच होते. वेल्सचा रग्बीपटू गॅरेथ थॉमस हा देशाच्या संघाचा नायक होता, आणि वेल्ससाठीं शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळणारा तो पहिला खेळाडू. गुपित राखण्यासाठीं त्यानें लग्नहि केलें. शेवटीं तो संसार मोडला, आणि मौनाची किंमत दुसऱ्या एका जीवालाहि द्यावी लागली. २००६ सालीं कार्डिफ येथें ड्रेसिंग रूममध्यें त्याला रडें कोसळलें व त्यानें प्रशिक्षक स्कॉट जॉन्सन ह्यांना सर्व सांगून टाकलें. हें ओझें एकट्यानें वाहण्याजोगें नाहीं, हें ओळखून जॉन्सन ह्यांनीं मार्टिन विल्यम्स व स्टीफन जोन्स ह्या दोन सोबत्यांच्या कानांवर ती गोष्ट घातली. ते काय म्हणतील ह्या विचारानें थॉमसचा जीव टांगणीला लागला होता. त्या दोघांनीं येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि हें आम्हांला आधींच कां सांगितलें नाहींस, एवढेंच विचारलें. तीन वर्षांनीं, डिसेंबर २००९ मध्यें, खेळत असतांनाच थॉमसनें ही गोष्ट जगजाहीर केली. २०१० सालीं कॅसलफर्डच्या मैदानावर प्रेक्षकांनीं त्याला उद्देशून अर्वाच्य घोषणा दिल्या, तेव्हां खेळाच्या नियामक मंडळानें त्या क्लबाला दंड ठोठावला. गर्दीला आवरतां येतें, पण त्यासाठीं कोणीतरी अधिकारानें उभें राहावें लागतें.

फुटबॉलमधील मौन मे २०२२ मध्यें जेक डॅनियल्स ह्या ब्लॅकपूलच्या सतरा वर्षांच्या मुलानें मोडलें. आई व बहीण ह्यांना सांगितल्यानंतर दुसऱ्याच दिवशीं एका सामन्यांत आपण चार गोल केले, असें त्यानें सांगितलें आहे. गुपित राखणाऱ्याचें अर्धें लक्ष स्वतःवर पहारा करण्यांत गुंतलेलें असतें. तो पहारा उठला कीं सर्व लक्ष खेळाकडे येतें.

हा दोष खेळाचा नसून पुरुषार्थाच्या कल्पनेचा आहे, हें महिलांच्या फुटबॉलवरून कळतें. तोच चेंडू, तेंच मैदान. पण तेथें अमेरिकेच्या मेगन रॅपिनो हिनें २०१२ सालींच आपण समलिंगी असल्याचें जाहीर केलें, आणि २०१९ च्या विश्वचषकांत तिचा देश विजेता व ती सर्वोत्तम खेळाडू ठरली.

भारतांत सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यांतून वगळले. इंग्लंडचा अनुभव असा कीं, कायदा बदलल्यावरहि संघाचें दार उघडावयास कित्येक दशकें लागतात. तें न्यायाधीशांना उघडतां येत नाहीं. तें काम संघनायकाचें, प्रशिक्षकाचें आणि दोन सोबत्यांचें आहे. आणि तें, कोणी बोलण्याच्या पुष्कळ आधीं, थट्टेतला तो शब्द ज्या क्षणीं कानीं येतो त्याच क्षणीं सुरू होतें.