पट्टी वाचणाऱ्याला दरवाजाची किल्ली कशाला?

पावसाळ्यात खडकवासला धरण किती टक्के भरले, हे पुणेकरांना तोंडपाठ असते. पण पाण्याची पातळी वाचणे वेगळे आणि मुठा नदीत पाणी सोडायला दरवाजे उचलणे वेगळे. पट्टी वाचायला दरवाजांचा अधिकार लागत नाही. युनिक्स यंत्रांवर पासवर्ड तपासताना मात्र हा भेद सर्रास विसरला जातो.

याच खडकवासल्यात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ साली सुरू झालेले. तिथे धरणांच्या लहान प्रतिकृतींमधून पाणी सोडून बांधकामाचा कस पाहतात. पासवर्डची तपासणी म्हणजे तेच: चोर येण्याआधी आपणच हल्ला करून बघायचा. युनिक्स पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा उलट फिरवता न येणारा ठसा ठेवते. त्याला हॅश म्हणतात. तपासणारा प्रोग्राम शब्दामागून शब्द घेऊन त्यांचे ठसे जुळवत बसतो. बेल लॅब्समधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांच्या १९७९ च्या निबंधातला आकडा आजही अस्वस्थ करतो. ३,२८९ पासवर्डपैकी २,८३१ आखूड तरी होते किंवा शब्दकोशात सापडणारे तरी. शंभरातले ८६!

तेव्हा हे ठसे कोणालाही वाचता येत. पुढे ते ‘शॅडो’ फाइलमध्ये बंद झाले, म्हणून अनेक जण तपासणी सर्वाधिकारी ‘रूट’ खात्यातूनच चालवतात. मला हे चुकीचे वाटते. त्या प्रोग्राममध्ये एखादी खोट निघाली, तर अख्खे यंत्रच हातचे जाते.

डेबियन लिनक्सवर ही फाइल ‘शॅडो’ गटाला वाचता येते, बदलता येत नाही. तपासणीसाठी वेगळे सिस्टीम खाते काढून ते या गटात घालावे. त्याच्या पासवर्डच्या रकान्यात ठशाऐवजी नुसती चांदणी ठेवावी, कारण कोणताच पासवर्ड चांदणीशी जुळत नाही. शेल ‘नोलॉगिन’ ठेवावे, म्हणजे त्या खात्यातून कोणाला लॉगिन करता येणार नाही. मग ‘जॉन द रिपर’ हा पासवर्ड तपासणारा प्रोग्राम त्या खात्यातून रात्रभर खुशाल चालू द्यावा.

मात्र सापडलेले पासवर्ड हा प्रोग्राम आपल्या नोंदीत उघड्या अक्षरांत लिहून ठेवतो. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनो, ती नोंद दुसऱ्या कोणाला वाचता येते का, हे आजच पाहा. आणि अहवालात कच्च्या खात्याचे नाव तेवढे लिहा, पासवर्ड लिहू नका.